दाराबाहेरच्यांची सोय

रविवार, १५ मार्च

प्रिय वहिनी,

नमस्कार. हे पत्र तुझ्या बहिणीच्या हाती देते आहे. तुझा पत्ता मी तिला विचारला नाही आणि तिनंही सांगितला नाही, तेव्हा त्या बाबतीत निश्चिंत राहा. एवढंच म्हणाली की तुला शाळेच्या कॅन्टीनमध्ये काम मिळालंय आणि छोटीला नव्या वर्गात एक मैत्रीण मिळालीय. मैत्रीण मिळाली म्हणजे निम्मी लढाई जिंकली. आता पोरगी परत तोंड उघडून बोलायला लागली असेल, आणि एकदा लागली की थांबत नाही हे तुला माहीतच आहे.

आईचे गुडघे होते तसेच आहेत. मोतीबिंदूचं ऑपरेशन मात्र झालं. आता तिला कोपऱ्याकोपऱ्यातली जळमटं दिसतात आणि दिवसभर माझ्या नावानं शंख चालू असतो. "इतकी घाण होती आणि मला कुणी सांगितलं नाही!" मी म्हटलं, "आई, तुला दिसत नव्हतं तेव्हा आपण दोघी सुखात होतो." तर रुसून बसली.

माझ्या नोकरीबद्दल तुला ठाऊक नसेल. तू गेल्यानंतर मी इथे लागले. बंद पडलेल्या बँकेच्या जागेत आमचं केंद्र आहे. पैसे घ्यायची काच अजून तशीच आहे, खालून जेमतेम हात जाईल एवढी फट असलेली. मला आधी त्या काचेमागे बसवलं होतं. समोर बाई रडतेय आणि मी फटीतून पाण्याचा पेला सरकवतेय, हे काही मला जमेना. मी खुर्ची उचलून बाहेर आणली, ती आजतागायत बाहेरच आहे.

काम असं, की घरात मार खाणाऱ्या बाईवर स्वतःचंच घर सोडायची पाळी येऊ नये. माणसाला बाहेर काढायचा कोर्टाचा हुकूम मिळवून द्यायचा, त्याच दिवशी कुलूप बदलायचं, दाराला आडणा लावायचा, जिन्यात दिवा बसवायचा, घरमालकाशी बोलायचं, भाडं थकलं असेल तर तेवढ्यापुरता हातभार लावायचा. कुलपांचं काम एक म्हातारे काका करतात, आम्ही त्यांना चावीकाका म्हणतो. आमच्या प्रमुख बाई पूर्वी नर्स होत्या. अजूनही सगळे त्यांना सिस्टरच म्हणतात, आणि त्या अजूनही समोरच्याकडे तापाचा पेशंट असल्यासारखं बघतात.

हे सगळं नगरपालिकेच्या अनुदानावर चालतं. आजवर वस्तीच्या सुरक्षिततेसाठी वेगळं अनुदान असायचं आणि माणसं बेघर होऊ नयेत म्हणून वेगळं. यंदा दोन्ही एक केली. दोन्ही कामं एकमेकांना कशी धरून आहेत ते समितीला पटवून द्या, नाहीतर काहीच मिळणार नाही, असं कळवलं. सिस्टरनी आम्हा सगळ्यांना बसवलं आणि म्हणाल्या, "आपण कुलूप बदलतो आणि सुटलो म्हणतो. पण बाहेर काढलेला माणूस जातो कुठे?"

मी म्हटलं, "जाऊ दे की मसणात."

"मसणात नाही जात," त्या म्हणाल्या. "जिन्यात बसतो."

खरं होतं ते. गेल्या वर्षीच्या थंडीत आम्ही एका शिक्षिकेच्या दाराला उत्तम कुलूप बसवलं होतं. तो माणूस जिन्यात जाऊन बसला. पोलीस उठवायचे, तो परत यायचा. शेजारी कुरकुरायला लागले. शेवटी ती बाईच मुलाला घेऊन मागच्या वाटेनं निघून गेली. कुलपाला साधा ओरखडाही नव्हता.

म्हणून सिस्टरना अशा पुरुषांसाठी एक घर हवं होतं. शहराच्या दुसऱ्या टोकाला, चार खाटांचं. दारू नाही, त्या गल्लीत पाऊल टाकायचं नाही, आणि आठवड्यातून दोनदा समुपदेशकासमोर बसायचं. सगळ्यांत जास्त आरडाओरडा मी केला. मारणाऱ्याला गादी आणि मार खाणारीला फक्त कडी? बायकांसाठी मिळणाऱ्या पैशातून या लोकांचे लाड? मी असंही म्हणाले की हे झालं तर मी नोकरी सोडेन.

इथपर्यंतचं मी एका बैठकीत लिहिलं. पुढचं लिहून फाडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा फाडलं. आता जसं येईल तसं लिहिते, पण तू शेवटपर्यंत वाच.

त्यानंतर काही दिवसांनी एक बाई माझ्या टेबलासमोर येऊन बसली. हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत काम करते. सोड्यानं हातांची सालं निघालेली, गळ्याशी ओढणी घट्ट धरलेली. हकीकत नेहमीचीच होती. मी लिहून घेत होते, मान डोलावत होते. मग तिनं पत्ता सांगितला. तिसरा मजला, जिन्याच्या उजव्या हाताचं दार.

वहिनी, तुझं दार.

दादा तिला घेऊन तिथे राहत होता हे मला माहीत नव्हतं. तू गेल्यापासून मी त्या जिन्याची पायरी चढले नव्हते आणि आई त्याच्याबद्दल माझ्यासमोर बोलत नसे. मी पेन खाली ठेवला आणि सिस्टरच्या खोलीत जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग हे काम तुझ्याकडे नाही." त्याच क्षणी दुसऱ्या मुलीला बसवलं. पण त्या बाईला अंधारात ठेवणं मला बरं वाटेना. सिस्टरच्या देखत मी तिला सांगितलं की तो माझा सख्खा भाऊ आहे.

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "म्हणजे तुम्हाला त्यांची पहिली बायको माहीत असेल. वारली ना ती?"

"वारली नाही," मी म्हटलं. "जिवंत आहे. चांगली आहे."

यावर ती रडायला लागली. मला वाटलं, फसवल्याचं दुःख असेल. तसं नव्हतं. म्हणाली, "बरं झालं बाई. मला वाटायचं, ती कशानं वारली असेल." मग तिनं विचारलं, "बाथरूमच्या दाराला आतून, अगदी खाली, गुडघ्याच्या उंचीवर एक कडी आहे. ती तिनं बसवली का? मी खाली बसून तीच लावायची. वरची तो खांद्यानं उघडायचा."

मला त्या कडीचं ठाऊक नव्हतं. त्या घरात मी कितीदा जेवले, राहिले, हसले. ती कडी छोटीच्या हाताला पुरावी म्हणून तेवढ्या उंचीवर होती, ते मला त्या टेबलाशी बसून समजलं.

हुकूम मिळाला. चावीकाकांनी कुलूप बदललं. सिस्टरनी मला वर जाऊ दिलं नाही. मी खाली रस्त्यावर उभी राहून ड्रिलचा आवाज ऐकत होते. ते तुझ्यासाठी व्हायला हवं होतं, आणि होत होतं दुसरीसाठी. मला आनंद होत होता की राग येत होता ते मी तुला खरंच सांगू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते तेव्हा दादा आला. हातात एक पिशवी. दाढी वाढलेली. टेम्पोची नोकरी गेली होती हे तेव्हा कळलं. मी साखळी न काढता दार उघडलं.

"बघतेस काय? आत तरी घे."

"नाही, दादा."

"मी काय रस्त्यावरचा कुत्रा आहे?"

"कुत्रा असतास तर घेतलं असतं. तो माझ्यापाशी राहिला असता. तू इथे जेवशील, झोपशील आणि उठून तिच्या दारात जाशील."

तो हसला. तुला माहीत आहे तो कसा हसतो ते, समोरच्याला वाटावं चूक आपलीच. मग हसू गेलं आणि त्यानं चौकटीवर हात आपटला. साखळी ताणली. मी दार लावून घेतलं आणि दाराला पाठ लावून उभी राहिले.

आई सगळं ऐकत होती. "माझा मुलगा रस्त्यावर झोपणार आणि मी गादीवर?" म्हणाली. मी म्हटलं, "हो." तिनं खिडकीच्या गजांतून त्याला चादर दिली, पोळीभाजीचा डबा दिला, आणि माझ्याशी बोलणं टाकलं. घरात दोघी असून भांड्यांचाच काय तो आवाज.

आणि तो गेला तिथेच. तुझ्या इमारतीसमोर पंक्चरवाल्याचं दुकान आहे ना, त्याच्या बाजूला एक क्रेट उलटा टाकून बसायला लागला. माझी बस तिथूनच जाते. रोज दिसायचा. मान वर, नजर त्या खिडकीवर. लॉन्ड्रीतली रोज केंद्रात फोन करायची, "समोर बसलाय." पोलीस म्हणाले, रस्त्यावर बसणं गुन्हा नाही. हुकूम दाराचा आहे, फुटपाथचा नाही. तिनं पडदे लावले. मग कामाला जाणं कमी केलं. मग एक दिवस तिनं विचारलं, दुसऱ्या गावात लॉन्ड्रीचं काम मिळेल का?

त्या दिवशी मी सिस्टरकडे गेले आणि म्हटलं, "अर्जात पुरुषांचं घर लिहा. समितीपुढे मी बोलते."

त्यांनी चष्मा काढला. "का?"

"माझा भाऊ आहे म्हणून नाही," मी म्हटलं. बोलताना मलाच कळलं, हे पूर्ण खरं नाही. बसमधून त्याची ती वर केलेली मान बघताना मला त्या बाईची भीती वाटायची, आणि त्याचीही कीव यायची. दोन्ही एकदम. तुझ्यापाशी खोटं बोलणार नाही.

समितीची बैठक नगरपालिकेच्या जुन्या सभागृहात झाली. पंखे एवढे करकरत होते की प्रत्येकाला ओरडून बोलावं लागत होतं. आमच्या आधी एका मंडळानं चौकाचौकात कॅमेरे मागितले, ते सगळ्यांना आवडलं. आमचा नंबर आला तेव्हा समितीतले एक निवृत्त फौजदार पुढे झुकले.

"ताई, साधा प्रश्न विचारतो. असला माणूस तुम्ही स्वतःच्या घरात ठेवाल का?"

"नाही ठेवला," मी म्हटलं. "दार लावलं. म्हणूनच इथे आलेय."

"कुणाबद्दल बोलताय?"

"माझ्या सख्ख्या भावाबद्दल. हे घर झालं तर तिथे जाणाऱ्या पहिल्या माणसांत तो असेल. नंतर कुणी लपवलं म्हणू नये, म्हणून आत्ताच सांगते."

सिस्टर टेबलाकडे बघत होत्या. मला वाटलं, घालवलं सगळं. मग फौजदार मागे टेकले. म्हणाले, "नोकरीत असताना अशा माणसाला मी रात्रभर आत बसवायचो. सकाळी सोडायचो. दर वेळी वाटायचं, मोठं काम केलं. तो सरळ घरीच जायचा." आणि त्यांनी अध्यक्षांकडे बघून मान हलवली.

मागितलं त्याहून कमी मिळालं, एका वर्षापुरतं, आणि त्या घराच्या कारभारात माझा हात नसावा या अटीवर. अट रास्त आहे. कॅमेरेवाल्यांना मात्र सगळं मिळालं.

दादा तिथे जायला सहजासहजी तयार झाला नाही. सिस्टर स्वतः जाऊन त्या क्रेटपाशी उभ्या राहिल्या. काय बोलल्या ते सांगत नाहीत. तो उठला. आता तिथे आहे. एकदा चिडून निघाला होता, तेव्हा त्यांनी लगेच पोलिसांना आणि लॉन्ड्रीतलीलाही कळवलं. संध्याकाळी परत आला. सुधारलाय असं मी म्हणणार नाही. तिथले समुपदेशक म्हणतात, अजून प्रत्येक गोष्ट "ती अशी वागली म्हणून" अशीच सुरू होते. आईला मी महिन्यातून एकदा त्याला भेटायला नेते आणि बाहेर बाकावर बसते. एकदाच आत गेले. त्यानं तुझ्यासाठी निरोप दिला. तो मी देणार नाही. त्याचा निरोप्या मला व्हायचं नाही, हे मी तिथल्या तिथे त्याला सांगून आले.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते.

तुमच्या त्या घराच्या भाडेकरारावर पहिलं नाव तुझं आहे. मालक म्हणतात, दादा घर सोडून गेला, आता एकतर करारातल्या बाईंनी राहायला यावं, नाहीतर जागा खाली करावी. लॉन्ड्रीतलीचा त्या घरावर काडीचाही हक्क नाही. आमच्या वकीलबाई म्हणतात, तू परत आलीस तर घर तुझं, कुलूप, हुकूम, दिवा सगळं तुझ्या नावानं करून देऊ. तू लिहून दिलंस तर मालक तिच्या नावावर करार करायला तयार आहेत. तू यायचं म्हणालीस तर तिला दुसरी जागा शोधायची जबाबदारी आमची. तिचं ओझं तू घेऊ नकोस. तिलाही हे सगळं माहीत आहे आणि ती म्हणाली, "त्यांचं घर आहे, त्या म्हणतील तसं."

तू काय करावंस असं मला वाटतं ते लिहीत नाही. मला वाटतंच काहीतरी, पण ते तुझ्या डोक्यावर ठेवणार नाही. एवढंच मागते, की त्याच्यासाठी छप्पर मी मागितलं हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं. राग आला तर तो माझ्या हक्काचा आहे. उत्तर नाही पाठवलंस तरी मी समजेन.

छोटीला माझे पुष्कळ आशीर्वाद. तुझ्याकडून वहिनीला काय लिहू, असं आईला विचारलं तर म्हणाली, "काय तोंडानं सांगू?" तेच तिचं म्हणणं समज.

तुझ्या उत्तराची वाट बघण्याचा हक्क नसूनही बघणारी,
तुझी धाकटी

*

शुक्रवार, ३ एप्रिल

प्रिय धाकटीस,

पत्र मिळालं. कॅन्टीनमध्ये भांडी घासून झाल्यावर मागच्या पायऱ्यांवर बसून वाचलं. त्या बाईचा पत्ता आला तिथे घडी करून ठेवून दिलं. पुढचं दोन दिवसांनी वाचलं. तू मसणात म्हणालीस तिथे मला हसू आलं, म्हणजे मी बरी आहे.

छोटीला विचारलं, जुन्या घरी जायचं का? ती चित्र काढत होती. मान वर न करता म्हणाली, "तू जा, मी मावशीकडे राहीन." तिला काही समजावत बसले नाही. सोबत मालकांच्या नावे माझं लेखी आहे. घर त्या बाईच्या नावावर करू द्या. हे मी तिच्यावर उपकार म्हणून करत नाही. त्या घरातली एकही खोली अशी नाही जिथे मी सरळ उभी राहू शकेन. तिला तिथे उभं राहता येत असेल तर तिनं राहावं. खिडकीला निळे पडदे असतील, ते मी शिवलेत. आवडत नसतील तर काढून टाक म्हणावं, ठेवलेच पाहिजेत असं नाही.

निरोप दिला नाहीस ते बरं केलंस. आईंना सांग, मला त्यांच्याकडून काही ऐकायचं नाहीये, त्यांनी डोळ्यांत औषध वेळेवर घालावं.

आता त्या घराबद्दल, चार खाटांच्या. तू माझ्या रागाची वाट बघत असशील. मीही बघत होते. आम्ही इथे आलो त्या दिवसापासून मी दाराशी खुर्ची लावून झोपते. जिन्यात पाऊल वाजलं की जाग येते, शेजारचा पाववाला असला तरी. बाजारात कुणाची पाठ तशी दिसली की मी छोटीचा हात एवढा दाबते की ती ओरडते. तो कुठेही असू शकत होता ना. म्हणून सगळीकडे होता.

तुझं पत्र पुरं वाचलं त्या दिवशी मी जेवले, छोटीची वेणी सोडली आणि आडवी झाले. जाग आली तेव्हा उन्हं अंगावर होती आणि पोरगी मला हलवत होती, "आई, शाळा!" आम्हाला दोघींनाही उशीर झाला. कॅन्टीनच्या बाईंनी कारण विचारलं. म्हटलं, झोप लागली.

तुमचं अनुदान एका वर्षाचं आहे म्हणतेस. पुढच्या वर्षी समितीपुढे जाल तेव्हा हे सांगायचं असेल तर सांग. नाव घालू नकोस. आणि तरीही कुणी विचारलंच, या माणसांचे लाड कशाला, तर मला कळव. मी येईन आणि स्वतः सांगेन.

त्याची बायको नसले तरी तुझीच,
वहिनी